देवाची राख, धुण्याची राख

उमानं आपल्या सासूला पहिल्यांदा पाहिलं ते स्वतःच्या लग्नात, आणि ती आपली सासू आहे हे तेव्हा तिला ठाऊक नव्हतं.

साल एकेचाळीस. येडशीच्या स्टेशनामागं मांडव पडला होता. उमाचे वडील मालधक्क्यावरच्या हमालांचे मुकादम, त्यामुळं अर्धं स्टेशन जेवायला आलेलं. बाशिंगाच्या झिरमिळ्यांतून जेवढं दिसेल तेवढं उमा बघत होती. हुग्गीची, म्हणजे गव्हाच्या खिरीची, कढई उतरली, आमटीला फोडणी बसली, आणि चुलीपाशी एक उंच, काटकुळी बाई आचाऱ्याशी हुज्जत घालताना दिसली. चिंचेचा कोळ काढून झाल्यावर आचारी चोथा उकिरड्यावर टाकायला निघाला होता. बाईनं त्याची पाटीच धरली. सगळा चोथा तिनं केळीच्या पानात बांधून घेतला. मग चुलीतली थोडी राख चिमटीत धरून बोटांवर चोळली, नाक मुरडलं आणि झटकून टाकली. ही राख काही तिच्या पसंतीस उतरली नव्हती.

उमाला हसू आवरेना. तिनं करवलीला कोपरानं ढोसलं. “ती कोण गं, चोथा गोळा करणारी?”

करवलीनं मान उंचावून बघितलं आणि तोंडावर पदर धरला. “अगं, तुझी सासू ती. शरणम्मा.”

उमाचं हसू तिथंच थांबलं. पुढची कित्येक वर्षं तिला शरणम्मांच्या राखेवर हसू असं आलंच नाही.

लोहाऱ्यात महालिंगप्पांचं भुसाराचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागंच घर. खाऊनपिऊन सुखी माणसं. नवरा शिवशरण स्वभावानं मऊ, सासरे वेळच्या वेळी पूजा करणारे, शिस्तीचे. घरात काही कमी नव्हतं. फक्त परसाच्या भिंतीला लागून एकोणीस गाडगी होती, आणि त्या गाडग्यांनी उमाचा जीव नकोसा केला होता.

एका गाडग्यात तुरीच्या तुरट्यांची राख, ती भांड्यांना. दुसऱ्यात चिंचेचा चोथा आणि खडे मीठ, ते तांब्या-पितळेला. कंदिलाच्या काचेला चुलीच्या पाठीमागची मऊ राख वेगळी. गोधड्यांना ओढ्याकाठची चोपण माती. रंगीत लुगड्यांना रिठा. रेशमाला हिंगणबेट, म्हणजे हिंगणीच्या झाडाची सुपारीएवढी फळं, त्यांचा गर भिजवला की फेस येतो. आणि पांढऱ्या धोतरांना, उपरण्यांना आघाड्याचा खार. आघाडा वाळवून जाळायचा, राख पाण्यात कालवायची, ते पाणी फडक्यातून गाळून आटवायचं आणि राहील त्यात थोडी चोपण माती मळून पांढरे गोळे करायचे. हे सगळं शरणम्मा स्वतः करत, आणि आता उमाकडून करून घेत.

येडशीला उमाच्या घरी साबण असे. बार्शीहून गाडीनं यायचा. पिवळी वडी, पाण्यात बुडवली, कपड्यावर फिरवली, झालं. लग्नात तिनं सहा वड्या आणल्या होत्या. शरणम्मांनी एक वडी हातात घेऊन वास घेतला, नखानं खरवडली आणि परत दिली.

“ह्यात काय घातलंय?”

“ठाव न्हाय, आत्याबाई.”

“मग अंगाला कशी लावतीस?”

उमानं वडी पुन्हा पेटीत ठेवली. एक गाडगं उघडावं तर दुसरंच निघे. कुठल्याही गाडग्यावर खूण नाही, झाकणं सगळी सारखी. पितळी समईला कंदिलाची राख लावली म्हणून एकदा बोलणी खाल्ली, लुगड्याला चोपण माती लावली म्हणून दुसऱ्यांदा. आणि शरणम्मांचं बोलणं म्हणजे एकदा बोलून मोकळं होणारं नव्हे. ते दिवसभर बारीक झिरपायचं. भांडी घासताना त्या पाठीशी येऊन उभ्या राहात. “एवढी राख? तवा घासतीस का पुरतीस?” मग, “अगं, उलट्या हातानं. उलट्या.” मग, “राहू दे. दे इकडं.” आणि खरंच तवा हिसकून घेत.

एकदा उमानं धीर करून विचारलं. तिच्या भावानं तिला घरीच लिहायला-वाचायला शिकवलं होतं आणि त्याचा तिला अभिमान होता. “आत्याबाई, गाडग्यांवर चुन्यानं नावं लिहू का?”

“लिही की. आन मला वाचून दाखवाया दिवसभर परसात हुबी राहणार का?”

“मग तुमाला कसं कळतं, कशात काय हाय ते?”

शरणम्मांनी बोट एका गाडग्यात घातलं, जिभेच्या टोकाला लावलं आणि थुंकल्या. “असं.”

उमाला शिसारी आली. राख चाखायची! येडशीला कुणाला सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

पुढं लढाईनं साबण महाग केला, मग दिसेनासाच केला. नाक्यावर निजामाचे करोडगिरीवाले, म्हणजे जकातवाले, बार्शीकडून येणारी गाठोडी उचकटायचे. त्यातून सुटलेली एखादी वडी बाजारात आलीच तर दुकानदार कनवटीला लावून ठेवायचा. उमाला वाटलं होतं, आता तरी सासूबाई चार दिवस गप्प बसतील. झालं उलटंच. सगळी गल्लीच परसात येऊ लागली. शेजारची शांताक्का तर सकाळी दात घासायच्या आधी हजर.

“शरणम्माक्का, तेवढा खाराचा गोळा द्या की. आमच्या ह्यांचं धोतर बघवत न्हाय.”

“तुजा हात बघवत न्हाय, धोतराला काय बोल लावतीस? उमा, दे गं तिला दोन गोळे. आन कसं धुवायचं ते दाव.”

उमानं दाखवायचं! जिला अजून स्वतःला धड येत नव्हतं तिनं. वर शांताक्का घरी जाऊन सांगणार, सून शिकवते पण सासूची सर नाही. आघाडा कापून उमाच्या पदराला कायम कुसळं चिकटलेली असत. खारानं बोटांची टोकं फाटली होती. रात्री ती शिवशरणला बोटं दाखवायची. तो लोणी आणून द्यायचा आणि म्हणायचा, “आईचं तसंच हाय.” उमाला सासूच्या बोलण्याहून ह्या एका वाक्याचा राग जास्त यायचा.

त्रेचाळीसच्या वैशाखात उमाच्या भावाचं, नागप्पाचं, लग्न ठरलं. आई दोन वर्षांपूर्वी गेली होती. तिच्या मागं उमाकडं एकच वस्तू आली होती: डाळिंबी रंगाचं इरकल, लाल रेशमी पदराचं. आईनं ते उमाच्या लग्नात नेसलं होतं. आता भावाच्या लग्नात करवली म्हणून उमा ते नेसणार होती. आईच्या जागी कुणीतरी उभं राहिलं पाहिजे, निदान तिचं लुगडं तरी, असं तिच्या मनानं घेतलं होतं.

निघायला आठ दिवस राहिले तेव्हा तिनं ते पेटीतून काढलं. पेटीवरच्या देवळीत एरंडेलाची पणती होती. ती बाजूला करताना कलंडली आणि पदरावर पंज्याएवढा डाग पडला.

शरणम्मा आवाजानं आत आल्या. डाग बघितला. “दे इकडं. म्या काढते.”

“न्हाय.” उमानं लुगडं छातीशी धरलं. सासूला तोंडावर ‘नाही’ म्हणायची तिची ही पहिलीच वेळ. “न्हाय, आत्याबाई. तुमी ह्यांचं जरीचं उपरणं खारात घातलं होतं. त्याचं काय झालं ते म्या बघितलंय.”

ते खरं होतं. शिवशरणच्या उपरण्याचा बोळा झाला होता. शरणम्मांनी पुढं केलेला हात मागं घेतला.

“उपरणं रेशमी हाय असं शिवशरण बोललाच न्हाय,” त्या म्हणाल्या. “रेशमाला हिंगणबेट लागतं. आपलं संपलंय. माकणीला माझ्या भनीच्या बांधावर झाड हाय, तिच्याकडं ठेवणीतली फळं असतील. उद्या जाते, परवा येते. तवर हात लावू नको.”

दुसऱ्या दिवशी पहाटे त्या निघाल्या. निघताना अंगणात दोन सुपं वाळत घालून गेल्या. एकात विभूतीचे गोळे, एकात धुण्याच्या खाराचे. विभूतीही त्या घरीच करत. गोवऱ्यांची राख भिजवून, गाळून, वळून. दोन्ही गोळे लिंबाएवढे, दोन्ही पांढरे. “काठ मोडलेल्या सुपात धुण्याचं हाय,” एवढं त्या सांगून गेल्या.

दुपारी वळीव आला. असा एकाएकी आला की अंगणात धुरळा आणि पाणी एकदमच उडालं. उमा धावली. सुपांवर थेंब पडायला लागले होते. तिनं हाताला लागली ती दोन रिकामी गाडगी घेतली, दोन्ही सुपं त्यांत रिकामी केली आणि घरात पळाली. दाराशी पोचल्यावर तिच्या ध्यानात आलं, की काठ मोडलेलं सूप कुठल्या गाडग्यात रिकामं केलं ते आपण बघितलंच नाही.

तिनं दोन्ही गाडगी चुलीच्या उजेडात नेली. शांताक्काला विचारावं? ती गावभर करील. चाखून बघावं? ते तर मुळीच नाही. उमानं नीट निरखलं. एकातले गोळे थोडे मळकट होते, राखाडी झाक असलेले. दुसऱ्यातले अगदी शुभ्र. तिला हायसं वाटलं. देवाचं ते चांगलं असणार, धुण्याचं ते हलकं. शुभ्र गोळे तिनं पूजेच्या देवळीत जुन्या गोळ्यामागं ठेवले, मळकट परसातल्या फळीवर.

शरणम्मा परवा आल्या नाहीत. तेरवाही आल्या नाहीत. माकणीच्या वाटेवर ओढ्याला पाणी आलं होतं म्हणे. उमा दिवसातून दहादा पेटी उघडी आणि डागाकडं बघे. ही बाई घरात असते तेव्हा पाठ सोडत नाही, आणि जिच्यावाचून अडलंय त्याच वेळी चार कोसांवर जाऊन बसते! निघायला चार दिवस उरले. शेवटी तिला आठवलं, की जमिनीवर तेल सांडलं की सासूबाई त्यावर कोरडी राख टाकतात आणि राख तेल ओढून घेते. पाणी लावायचं नाही, घासायचं नाही. मग रेशमाचं काय बिघडेल?

तिनं परसातल्या फळीवरचा एक मळकट गोळा घेतला, वस्त्रगाळ पूड केली, डागावर दोन्ही बाजूंनी पसरली आणि वर पाटा ठेवला. सकाळी पूड झटकली. डाग गेला होता. कडेला एक पुसट रेघ तेवढी राहिली होती, पदराच्या चुण्यांत लपेल अशी. उमा आनंदानं परसात एकटीच हसली. एकोणीस गाडगी, दोन वर्षांची बोलणी, आणि शेवटी काम झालं ते तिच्या डोक्यानं!

दुपारी महालिंगप्पा दुकानातून जेवायला आले. पागोटं काढून खुंटीला लावलं आणि वळले. कपाळावर विभूतीच्या तीन पट्ट्यांच्या जागी तीन लालभडक पट्टे होते, सुजलेले. दंडावरही तसेच.

“शिवशरण,” त्यांनी मुलाला हाक मारली. आवाज अगदी हळू होता, म्हणजे ते संतापले होते. “सकाळधरनं कपाळाची आग व्हतीय. गिऱ्हाईक माझ्याकडं बघून हसतंय. त्यो कचेरीतला पेशकार तर म्हणला, अप्पा, शिवानं तिसरा डोळा उघडला का काय!”

उमा ताट घेऊन दारातच थांबली. देवळीतला जुना गोळा आजच संपला असणार. मागचे शुभ्र गोळे तिच्या डोळ्यांपुढं आले. आणि दुसऱ्याच क्षणी परसातले मळकट. म्हणजे सासऱ्यांच्या कपाळाला धुण्याचा खार लागला होता, आणि आईच्या लुगड्यावर तिनं रात्रभर देवाची विभूती दाबून ठेवली होती.

“ह्या तोंडानं मी लग्नाला येत न्हाय,” महालिंगप्पा म्हणाले. “चार पाव्हण्यांत असा जाऊ? आन घरचा कर्ता न्हाय, तर घरातलं कुणीच न्हाय. निरोप धाडा.”

“अप्पा, दोन दिसांत उतरंल की,” शिवशरण म्हणाला.

“म्या बोललो.”

उमा ताट ठेवून परसात गेली. सांगावं तर सासरे काय म्हणतील? देवाच्या राखेशी खेळ केला, हिचं माहेर बंद करा, म्हणतील. न सांगावं तर लग्नच हुकतंय. भावाच्या शेजारची आईची जागा मोकळी राहणार. तिनं ठरवलं, सांगायचं. तोंड धुतलं, पदर घेतला आणि वळली, तेवढ्यात शरणम्मा मागल्या दारातून आत आल्या. गुडघ्यापर्यंत चिखल, कडेवर हिंगणबेटाचं गाठोडं.

“पाणी दे गं. भनीनं सोडंना. वर ओढ्यानं अडवलं,” असं म्हणत त्या ओसरीवर गेल्या, आणि नवऱ्याकडं बघून थांबल्या. जवळ जाऊन त्यांनी महालिंगप्पांच्या कपाळावरून बोट फिरवलं. बोट जिभेच्या टोकाला लावलं. मग त्या वळल्या आणि सरळ उमाकडं बघितलं. उमाला वाटलं, आता धरणी दुभंगेल तर बरं.

शरणम्मा नवऱ्याकडं वळल्या.

“अवं, चाळीस वर्सं झाली राख फासताय कपाळाला. हाताला कळत न्हाय? विभूती बोटाला मऊ लागती, खार बुळबुळतो. पाणी लावल्याबरुबर कळाया पायजे! आन आग व्हतीय तर पुसायची सोडून दुपारपतुर मिरवताय?”

“देवाचं म्हणून लावलं,” महालिंगप्पा गोंधळून म्हणाले. “देवळीत कुणी ठेवलं ते?”

“कुणी ठेवलं ते नंतर. लावलं कुणी?”

शरणम्मांनी आंबट ताक आणून त्यांचं कपाळ आणि दंड धुतले, वर लोणी थापलं. “तुमी बसा घरी लोणी लावून. दुकान हायच. शिवशरण आन आमी दोघी जाऊन येतो. नागप्पाला आई न्हाय. बहिणीनं न्हाय जायाचं तर कुणी जायाचं?”

“मी न्हाय म्हणलं व्हतं,” महालिंगप्पा म्हणाले, पण लोणी डोळ्यांत ओघळत होतं, आणि तशा अवस्थेत माणसाला फारसा हट्ट धरता येत नाही.

मग शरणम्मा परसात आल्या. उमानं सगळं सांगितलं, वळवापासून पाट्यापर्यंत. त्या ऐकत होत्या आणि हिंगणबेटं फोडत होत्या.

“पांढरं ते देवाचं, असं कुणी सांगितलं तुला?”

“मला वाटलं, देवाचं ते चांगलं असंल.”

“धुण्याचं सात डाव गाळावं लागतं. कापडावर डाग राहिला की शांताक्का दारात येती. विभूती तीन डाव गाळली की पुरे. देव कधी आलाय का दारात?”

“पण आत्याबाई, लुगड्याला म्या देवाची—”

“तुझ्या आईचंच लुगडं न्हवं ते? त्याला लागली तर काय बिघडलं?” मग त्यांचा आवाज चढला. “खार लागला असता तर पदर गेला असता माझ्या लेकाच्या उपरण्यावानी. कोरडा खार बी दमट हवेत पाणी धरतो! हात लावू नको म्हणलं व्हतं का न्हवतं? आं? हे धर.”

त्यांनी दोन्ही गोळ्यांचा एकेक कण उमाच्या तळहातावर ठेवला. “चाख.”

“आत्याबाई—”

“चाख म्हणते.”

उमानं डोळे मिटून चाखलं. एक नुसतं मातकट. दुसऱ्यानं जीभ चरचरली, डोळ्यांत पाणी आलं. ती थुंकली.

“आता लिहायची गरज न्हाय,” शरणम्मा म्हणाल्या. त्यांनी हिंगणबेटाच्या फेसात ते इरकल स्वतः धुतलं, आणि उमा त्यांच्या पाठीशी उभी राहून म्हणत राहिली, “हळू, आत्याबाई. पदर हळू.”

लातूरपर्यंत बैलगाडी आणि तिथून आगगाडी, असे तिघं येडशीला पोचले. उमा आईचं लुगडं नेसून भावाच्या शेजारी उभी राहिली. तिच्या मावशीनं तिला बघितलं आणि तोंड फिरवून डोळे पुसले. अक्षता पडल्या. हुग्गीची कढई उतरली, आणि चुलीपाशी मोठ्यानं बोलणं ऐकू आलं.

“टाकतोस कुठं? अरं, टाकतोस कुठं? दे इकडं.”

सगळा मांडव तिकडं बघायला लागला. उमाला कानकोंडं झालं. तिनं दोन क्षण वाट पाहिली, मग पदर सावरत चुलीपाशी गेली आणि दातओठ खात सासूच्या हातात केळीचं पान दिलं. “बांधा, आन चला. जेवाया बसायचंय.”

“एकात मावायचा न्हाय,” शरणम्मा म्हणाल्या. “आणखी एक आण.”

ह्या गोष्टीला आता तीस वर्षं होऊन गेली. निजामाचं राज्य गेलं, लोहाऱ्यातल्या प्रत्येक दुकानात साबण मिळतो, आणि कपड्यांना उमाबाई तोच वापरतात. शरणम्मा ऐंशीच्या घरात आहेत. गेली चार वर्षं त्यांना डोळ्यांनी दिसत नाही. त्या लोहाऱ्याच्या त्याच घरात शिवशरण-उमाबाईंजवळ राहतात, आणि भांडी घासायची राख रोज सकाळी त्या स्वतः चाळून देतात.